चमक आधी येते, पकड नंतर

ओव्हनच्या काचेतून आत पाहत राहिलं, की काही मिनिटांनी एक सुंदर क्षण येतो. तोवर बंदुकीसाठी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांवर मखमलीसारखी कोरडी, निस्तेज पावडर बसलेली असते. मग कडेच्या एक-दोन गोळ्यांचे खांदे ओले झाल्यासारखे दिसतात, तो ओलेपणा खाली सरकतो, आणि बघता बघता सगळा ट्रे काचेसारखा चमकू लागतो. पहिल्यांदा पावडर कोटिंग करणाऱ्याचा हात नेमका इथेच ओव्हनच्या दाराकडे जातो. गोळ्या तयार दिसतात, पण तयार नसतात. पावडर नुसती वितळून पसरलेली असते. ती पक्की व्हायची अजून बाकी असते आणि ते पक्कं होणं डोळ्यांना दिसत नाही. या कामात जे काही बिघडतं, त्यातलं निम्मं तरी या एका गैरसमजातून बिघडतं.

दोन शब्दांचा घोळ आधीच मिटवलेला बरा. इथे गोळी म्हणजे काडतुसाच्या तोंडावर बसणारा शिशाचा तुकडा, आणि पावडर म्हणजे रंगाची पावडर. काडतुसातल्या दारूशी तिचा काही संबंध नाही. गोळ्या ओतायला आणि काडतुसं भरायला अनेक देशांत परवाना लागतो, काही ठिकाणी त्याला साफ मनाई आहे. साचा विकत घेण्याआधीच या प्रश्नाचा निकाल लागलेला असावा.

हा खटाटोप करायचा कशासाठी? शिसं मऊ असतं. नळीतून वेगाने जाताना गोळीचा पृष्ठभाग रायफलिंगच्या, म्हणजे नळीच्या आत कोरलेल्या पिळदार खाचांवर घासतो, मागून तापलेला वायू रेटा देत असतो, आणि तो जराशा फटीतूनही पुढे घुसला तर शिशाला कापत जातो. निघालेलं शिसं नळीच्या आतल्या बाजूला चिकटतं. याला नळीने शिसं धरलं असं म्हणतात. एकदा ते धरलं की पुढची प्रत्येक गोळी त्यावरून खरडत जाते आणि नेम बिघडत राहतो. जुना उपाय म्हणजे गोळीच्या खाचांत मेण आणि चरबीचं वंगण भरणं, किंवा गोळीला कागद गुंडाळणं. १८८४ मध्ये पॉल व्हिएलने फ्रान्समध्ये धूरविरहित दारू तयार केली. वेग वाढला तसे हे उपाय तोकडे पडू लागले. तांब्याचं कवच तोवर येऊ घातलंच होतं. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने १८८२ मध्येच तशी गोळी बनवली होती. पण कवच घरी चढवणं सोपं नाही. पावडर कोटिंग हा मधला मार्ग आहे. गोळीवर प्लास्टिकचं एक पातळ, चिवट कातडं चढतं, शिसं नळीला शिवतच नाही आणि वंगण लागत नाही. पिस्तुलाच्या कमी वेगाला हे सहज जमतं. रायफलच्या गोळीला मात्र प्रत्येक पायरीवर काटेकोरपणा लागतो, आणि या कामातली खरी मजाही तिथेच आहे.

सुरुवात गोळीपासून करायची, रंगापासून नाही. कोटिंग सगळे दोष झाकतं, म्हणून गोळ्या नागड्या असतानाच निवडायच्या. अंगावर सुरकुती असेल, तळाची कड गोल झाली असेल, आत पोकळी राहून वजन कमी भरत असेल, तर ती गोळी परत भांड्यात. तळाची कड सगळ्यात महत्त्वाची. नळीच्या तोंडातून बाहेर पडताना वायू गोळीला शेवटचा धक्का तिथेच देतो, आणि कड एका बाजूला दबलेली असेल तर गोळी सुटतानाच वाकडी सुटते. मिश्रधातू म्हणाल, तर मोटारीच्या चाकाचा तोल साधणाऱ्या जुन्या वजनांचं शिसं रायफलसाठी चांगली सुरुवात आहे. त्यात साधारण ३ टक्के अँटिमनी आणि जेमतेम अर्धा टक्का कथील असतं, आणि त्याचा ब्रिनेल कडकपणा (धातू किती कडक ते सांगणारा आकडा) १० ते १२ भरतो. शुद्ध शिशाचा ५ च्या आसपास असतो. ओतताना साचा नीट भरावा म्हणून वर एक ते दीड टक्का कथील घालतात. नवी वजनं अनेकदा जस्ताची किंवा लोखंडाची निघतात. ती आधीच वेचून बाजूला काढा, कारण जस्त शिशात मिसळलं की ओतकाम लापशीसारखं होतं.

साच्याला तेल किंवा साचा सुटायचा फवारा मारलेला असेल, तर त्याचा अंश गोळीवर येतो आणि त्या जागी पावडर धरत नाही. हाताचा तेलकटपणाही पुरतो. साच्यातून पडल्यापासून कोटिंग होईपर्यंत गोळीला उघडा हात लावायचा नाही, नायट्राइलचे हातमोजे घालायचे. ताज्या गोळ्या, शक्यतो त्याच दिवशीच्या, सगळ्यात चांगलं कोटिंग घेतात. आधीच वंगण भरलेल्या जुन्या गोळ्या वापरायच्या असतील तर त्या विरघळवणाऱ्या द्रवात दोनदा धुवून पूर्ण वाळवाव्या लागतात. पहिल्या खेपेला त्या फंदात पडूच नये.

पावडर पॉलिएस्टर टीजीआयसी (थर पक्का करणारं रसायन) जातीची घ्यावी, चमकदार आणि एकरंगी. धातूची झाक असलेले रंग दिसतात छान, पण घुसळून लावताना नीट बसत नाहीत. पांढरा रंगही बऱ्याचदा चिडचिड आणतो. हीच जात सायकलच्या सांगाड्यांवर आणि बागेतल्या खुर्च्यांवर लावली जाते. पावडरीचा कण साधारण ३० ते ५० मायक्रॉनचा असतो. तो हवेत तरंगतो आणि छातीत जातो, म्हणून कणांपासून बचाव करणारा मास्क घालायचा. ही पावडर पेटूही शकते, तेव्हा डबा उघडताना जवळ ज्योत किंवा ठिणगी नको.

विजेची बंदूक वापरून फवारणी करता येते, पण पहिल्यांदा त्याची गरज नाही. घुसळण्याची पद्धत पुरते. एक गोल, जाड भिंतीचा, लिटर-दीड लिटरचा पॉलिप्रोपिलीनचा डबा घ्यायचा. त्याच्या बुडावर त्रिकोणात ५ हा आकडा असतो. त्यात ६ मिलिमीटरचे, खेळण्यातल्या बंदुकीचे काळे प्लास्टिकचे छर्रे घालायचे, बूड एका थराने झाकेल इतके. छर्रे, डबा आणि पावडर एकमेकांवर घासली की स्थिर वीज तयार होते, आणि तिच्या जोरावर पावडर गोळीला चिकटते. दमट हवेत ही वीज टिकत नाही. कोटिंग विरळ येऊ लागलं तर पद्धत बदलण्याआधी हवा पाहा. कोरड्या दिवशी तेच सामान चोख काम देतं.

पावडर किती? इथे नवशिक्याचा हात नेहमी सैल सुटतो. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ०.३० कॅलिबरची, म्हणजे ०.३० इंची नळीची, साधारण २५ मिलिमीटर लांब गोळी घेतली तर तिचं क्षेत्रफळ ५०० चौरस मिलिमीटरच्या जवळपास भरतं. त्यावर ०.०३ मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे १५ घन मिलिमीटर पावडर, वजनात वीस-पंचवीस मिलिग्रॅम, अर्ध्या ग्रेनच्याही आत (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम). म्हणजे शंभर गोळ्यांना अडीच ग्रॅम पावडर, चहाचा एक सपाट चमचाही पुष्कळ. डबा पहिल्यांदा वापरताना छर्रे आणि भिंती स्वतःच थोडी पावडर धरून ठेवतात, म्हणून पहिल्या घाण्याला एक चमचा आणि पुढे प्रत्येक वेळी चिमूटभर भर. बुडाशी सुटी पावडर साचलेली दिसत असेल तर ती जास्त झाली आहे.

पहिल्या घाण्यात वीस गोळ्या बस झाल्या. झाकण लावून डबा आडवा-गोल फिरवायचा, तीस ते पंचेचाळीस सेकंद. खुळखुळ्यासारखा जोरजोरात हलवायचा नाही. पिस्तुलाच्या बुटक्या गोळ्या ते सोसतात. रायफलची लांब गोळी नाकाशी निमुळती असते, आणि मऊ मिश्रधातूच्या नाकाला शेजारच्या गोळीच्या तळाची कड लागली की तिथे पोचा येतो. ओव्हनमधून निघाल्यावर तो पोचा चमकदार पोचा म्हणून तसाच राहतो.

मग चिमट्याने एकेक गोळी उचलायची. चिमट्याची टोकं अरुंद हवीत, आणि गोळी उचलली की चिमटा डब्याच्या काठावर हलकेच एकदा टिचकवायचा, म्हणजे जास्तीची पावडर झडते. चिमट्याने पकडलेल्या जागी दोन बारीक ठिपके उघडे राहतात. वितळताना पावडर पसरून ते बहुधा भरून येतात. तरीही पकड नाकापाशी, नळीच्या खाचांना न शिवणाऱ्या भागावर घ्यावी. ट्रेवर न चिकटणारी फॉइल किंवा सिलिकॉनचा कागद पसरायचा आणि गोळ्या तळावर उभ्या करायच्या, मधे बोटभर अंतर ठेवून. लांब गोळी उभी करणं हा खरा त्रास. ट्रेला धक्का लागला की एक पडते आणि जाताना चार पाडते, आणि आडव्या पडलेल्या गोळ्या एकमेकींना जन्माच्या चिकटतात. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला गोळीच्या जाडीहून जरा मोठी भोकं पाडून तो पत्रा फॉइलच्या थोडा वर बसवला, तर हा प्रश्न मिटतो. पत्रा पातळच हवा. त्याचं कारण आता येतं.

घरगुती टोस्टर ओव्हनवरचा आकडा हा अंदाज असतो. आतली हवा, ट्रे आणि गोळी ही तिन्ही वेगवेगळ्या तापमानाला असतात. पावडरीच्या पुड्यावर साधारण २०० अंश सेल्सिअसला १० मिनिटं असं लिहिलेलं असतं, पण ते धातूचं तापमान आहे, हवेचं नाही. धातू २०० ला पोचल्यानंतरची ती दहा मिनिटं. शिसं स्वतः तापायला वेळ घेत नाही. तेवढ्याच वजनाच्या पाण्याला लागते त्याच्या तिसाव्या हिश्शाएवढीच उष्णता त्याला पुरते. दीडशे ग्रेनच्या पन्नास गोळ्या म्हणजे अर्धा किलोही शिसं नाही. वेळ खातो तो खालचा ट्रे. एक किलोची पोलादी थाळी ठेवली तर ती त्या सगळ्या गोळ्यांच्या सात-आठ पट उष्णता पिते, आणि तळावर उभ्या असलेल्या गोळ्या तिच्यामुळे थंड राहतात. म्हणून ट्रे हलका, पत्रा पातळ, आणि ओव्हन आधी पूर्ण तापवलेला. एका टाकाऊ गोळीला भोक पाडून त्यात थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार बसवा आणि ती ट्रेच्या मधोमध ठेवा. तिचा आकडा २०० जवळ आला की घड्याळ सुरू करा. लांबून मोजणारा इन्फ्रारेड तापमापक चकाकत्या धातूवर खोटा आकडा दाखवतो, त्याच्यावर विसंबू नका. थर्मोकपल नसेल तर आत ठेवल्यापासून वीस मिनिटं हा सर्वसाधारण धरायचा काळ. पण आपल्या ओव्हनची चाचणी एकदा घेतली, की तो आकडा कायमचा हाती येतो.

वरची मर्यादाही तितकीच खरी. शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणून २०० म्हणजे खूप दूर आहे असं वाटतं. पण शिसं, अँटिमनी आणि कथील एकत्र आले की त्यांचा सगळ्यात लवकर वितळणारा भाग २४० अंशांच्या आसपासच द्रव होतो. स्वस्त ओव्हनमध्ये तापणारी कांडी लालबुंद असताना तिच्याजवळचं तापमान हा आकडा सहज ओलांडतं. गोळ्या उभ्याच राहतात, पण नाक खचतं किंवा खांदा बसतो. कांडी आणि ट्रे यांच्यामध्ये एक पत्रा आडवा धरला, की थेट आच लागत नाही. पंखा असलेला ओव्हन यासाठी उजवा.

आता चमकेबद्दल. पॉलिएस्टर पावडर सव्वाशे-दीडशे अंशांच्या दरम्यान वितळून पसरते, आणि सुरुवातीला पाहिलेला तो ओला, सुंदर क्षण हाच. साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन थर घट्ट होण्याची रासायनिक क्रिया त्यानंतर, वरच्या तापमानाला, आपल्या गतीने चालते. ती पुरी झाली की हा थर पुन्हा वितळत नाही. अर्धवट काढलेली गोळी हुबेहूब तशीच दिसते, हातालाही गुळगुळीत लागते, आणि नळीत शिरल्यावर सोलून निघते. म्हणून प्रत्येक घाण्यातल्या दोन गोळ्या बळी द्याव्यात, त्यात हात आखडता घेऊ नये. पहिली परीक्षा ॲसिटोनची. भिजवलेल्या कापसाने वीस-पंचवीस वेळा जोर देऊन घासायचं. रंगाचा पुसटसा डाग आला तर चालतो. थर मऊ पडला किंवा खालचं शिसं दिसलं, तर गोळी कच्ची आहे. दुसरी परीक्षा हातोडीची. गोळी ऐरणीवर आडवी ठेवून चपटी होईपर्यंत ठोकायची. पक्का थर शिशाबरोबर पसरतो, पातळ होतो, पण त्याला धरून राहतो. कडेने पापुद्रे निघाले तर दोनच शक्यता. ॲसिटोनची परीक्षाही फसली असेल तर भाजणं कमी पडलं. ॲसिटोनला टिकली आणि हातोडीखाली सोलली, तर गोळीवर तेल होतं. हा फरक ओळखता येणं मोलाचं आहे, कारण पहिल्याला दहा मिनिटं जास्त द्यायची असतात आणि दुसऱ्याला ओव्हनमध्ये कितीही ठेवलं तरी उपयोग नसतो. कच्चा घाणा टाकून द्यावा लागत नाही, तो परत भाजता येतो.

दुसरा एक बदल थराच्या आत घडत असतो. कडक व्हाव्यात म्हणून साच्यातून थेट पाण्यात टाकलेल्या गोळ्या ओव्हनमध्ये पुन्हा मऊ पडतात. कडकपणा हवा असेल तर ओव्हनमधून काढल्याबरोबर त्या थंड पाण्याच्या बादलीत सोडायच्या. मिश्रधातूत अँटिमनी आणि किंचित आर्सेनिक असेल, तर त्यातला बराच कडकपणा परत येतो आणि पुढचे काही दिवस वाढत राहतो. साध्या वेगाच्या भरणीसाठी, म्हणजे काडतुसातल्या दारूच्या तशा मापासाठी, हे करायलाच हवं असं नाही. केलं, तर मात्र सायझिंग, म्हणजे गोळी डायच्या (पोलादी साच्याच्या) भोकातून रेटून नेमक्या मापाला आणणं, लवकर उरका, गोळी कडक झाल्यावर डायमधून रेटायला जड जाते.

एक घुसळण बहुतेक वेळा पुरेशी ठरते. कुठे शिसं डोकावत असेल तर गोळ्या थंड करून दुसरा पातळ हात द्यावा. पहिल्याच वेळी जाड थर देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण जाड थर तळाशी ओघळतो आणि गोळीभोवती पायासारखी कडी तयार होते. तळ सपाट राहत नाही. ती धारदार पात्याने कापून काढावी लागते.

थराची जाडी मायक्रोमीटरवर दिसते. एका हातात व्यास ०.००१ ते ०.००३ इंच वाढतो. ३० कॅलिबरच्या नळीत खाचांचा व्यास सर्वसाधारणपणे ०.३०८ इंच असतो आणि ओतलेली गोळी ०.३०९ किंवा ०.३१० ला आणायची असते. सर्वसाधारण आकड्यावर थांबू नका. मऊ शिशाचा तुकडा नळीतून पार करून आपल्या नळीचं माप घ्या. सायझिंग नेहमी कोटिंगनंतर. डायमधून जाताना पक्का थर घासून चकचकीत होतो आणि कुठेही सुटत नाही. शिशाचं कडं उघडं पडलं तर थर कच्चा आहे किंवा एका दमात फार माप उतरवलं आहे. गॅस चेक, म्हणजे तळावर बसणारी तांब्याची छोटी वाटी, रायफलच्या वेगाला हवीच. ती याच वेळी बसवतात. कोटिंगमुळे तळाची दांडी, म्हणजे वाटी जिथे बसते तो बारीक भाग, जाड झालेली असते, म्हणून वाटी हाताने बसत नाही, डायमध्येच दाबून बसते. वाटी तिरकी बसली, तर दांडीवर पावडरीची गुठळी आहे का ते पाहा.

डाय मात्र फक्त अंगाचं माप घेते. नाक तसंच सुटतं, आणि रायफलच्या गोळीचा सगळ्यात फसवा भाग तोच. अनेक साच्यांत नाक रायफलिंगच्या कण्यांवर, म्हणजे खाचांमधल्या उंच भागांवर, टेकून सरकावं असं, ०.३०० ते ०.३०१ इंचांचं असतं. त्यावर ०.००२ इंच चढले की काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत) शेवटचं बोटभर जात नाही. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, जोराने बंद केला तर गोळी रायफलिंगमध्ये अडकते, आणि काडतूस परत बाहेर काढताना गोळी नळीत अडकलेली आणि दारू रायफलच्या यंत्रणेत सांडलेली अशी गत होते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट काढून, कोटिंग केलेल्या गोळीचं नाक नळीच्या तोंडात घालून पाहा. ते हलक्या घर्षणाने आत सरकायला हवं. टाचणीएवढंही जात नसेल तर गोळी काडतुसात अधिक खोल बसवावी लागेल, नाहीतर नाक बारीक असलेला साचा निवडावा लागेल. दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेलं एक नमुन्याचं काडतूस करून ते चेंबरमध्ये घालून काढा. थरावर रायफलिंगच्या खुणा दिसल्या तर गोळी अजून लांब आहे.

गोळी बसवण्याआधी पितळी केसचं, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्याचं, तोंड थोडं फुलवा, नाहीतर त्याची धार कोटिंग सालीसारखं सोलते. आणि भरणी ओतलेल्या गोळ्यांसाठी छापलेल्या तक्त्यातलीच असावी, सुरुवात खालच्या आकड्यापासून. कोटिंग चढलं म्हणून गोळी तांब्याच्या कवचाची होत नाही.

या कामाला लावलेला ओव्हन पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. तो बाहेर किंवा वारा खेळत्या जागी चालवा, कारण पावडर भाजताना निघणारा धूर श्वासात नको. शिसं २०० अंशांना वाफ होत नाही. धोका असतो तो बोटांवरच्या आणि मेजावरच्या राखाडी धुळीचा. शिसं ओतताना पाण्याचा थेंबही भांड्याजवळ नको, तो वितळलेल्या धातूखाली गेला की वाफेच्या स्फोटाने शिसं उडतं. काम झालं की आधी गार पाण्याने आणि साबणाने हात धुवा. कपडे वेगळे ठेवा, आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

पहिल्या दहा फैरींनंतर कोरडं, पांढरं फडकं नळीतून ओढा. दारूची काजळी काळी आणि भुरकट असते, ती सहज निघते. शिसं चंदेरी, पापुद्र्यासारखं दिसतं आणि ब्रशने ओरबाडावं लागतं. ते चेंबरच्या बाजूला, सुरुवातीच्या खाचांत असेल, तर गोळी नळीला लहान पडते आहे, माप एक हजारांश इंचाने वाढवा. मातीच्या बंधाऱ्यातून एखादी गोळी सापडली तर ती पुसून निरखा. रायफलिंगच्या खोल खुणांमध्येही रंग अखंड उतरलेला असेल, तर ओव्हनची वेळ वहीत लिहून ठेवा, मिश्रधातू आणि पावडरीचा रंग शेजारी नोंदवा, आणि पुढचा घाणा लावा.